साडेसहाची बैठक : एका ऑनर्स गटाचं प्रकरण

विषय : ऑनर्स गटातून नाव कमी करण्याबाबत.

अर्ज वहीच्या पानावर होता. समासाची रेघ आखलेली, अक्षर सुबक. 'घरगुती कारणास्तव मला गटात पुढे राहता येणार नाही, तरी माझे नाव कमी करावे ही नम्र विनंती.' खाली सही आणि तारीख, 2 डिसेंबर 2024.

पुण्याच्या मध्यवस्तीतल्या एका स्वायत्त महाविद्यालयात मी शिकवते आणि या गटाची समन्वयक आहे. अर्ज देणारी मुलगी दुसऱ्या वर्षाला, वनस्पतिशास्त्राची. गुणांच्या यादीत गटातल्या पहिल्या चौघांत. ती सांगली जिल्ह्यातल्या जत तालुक्यातली, म्हणून इथे तिला जतची म्हणते. तिच्या खोलीतल्या मुलीही तिला तेच म्हणतात. पेठांमधल्या कॉट बेसिसच्या, म्हणजे खाटेमागे भाडं घेणाऱ्या खोल्यांमध्ये नावाच्या आधी गाव येतं. ओळख पटेल असे काही तपशील मी बदलले आहेत, पण घडलं ते असंच.

'घरगुती कारणास्तव' हे शब्द मी पंचवीस वर्षं वाचते आहे. खरं कारण सांगण्यासारखं नसलं किंवा ऐकणारा ते ऐकून घेईल याची खात्री नसली, की मुलं हेच लिहितात. म्हणून मी अर्जावर शेरा मारला नाही. तिला बोलावून घेतलं.

गट कशासाठी होता

2020 च्या राष्ट्रीय शैक्षणिक धोरणानुसार पदवीची रचना बदलली आणि राज्यातल्या स्वायत्त महाविद्यालयांमध्ये ती 2023-24 पासून आली. राष्ट्रीय आराखड्यात अभ्यासाचं माप क्रेडिटमध्ये, म्हणजे श्रेयांकांत असतं : तीन वर्षांच्या पदवीला किमान 120 क्रेडिट आणि चार वर्षांच्या ऑनर्सला किमान 160 क्रेडिट आहेत. चौथ्या वर्षी 'संशोधनासह ऑनर्स' घ्यायचं तर पहिल्या सहा सत्रांत 75 टक्के लागतात आणि मग 12 क्रेडिटचा संशोधन प्रकल्प करायचा असतो. अशी चार वर्षांची पदवी 75 टक्क्यांनी मिळवली तर दोन वर्षांची पदव्युत्तर पदवी न घेता पीएच.डी.च्या प्रवेशप्रक्रियेत थेट उतरता येतं. लहान गावातून आलेल्या, घरची ओढाताण असलेल्या मुलासाठी वाचलेलं एक वर्ष म्हणजे एका वर्षाचं भाडं, मेस आणि वडिलांवरचा भार.

चौथ्या वर्षी एकदम 'आता संशोधन कर' म्हटलं की मूल गांगरतं. म्हणून आम्ही ठरवलं, की 2023 साली आलेल्या तुकडीतून पहिलं वर्ष संपताच चोवीस जण निवडायचे, कला आणि विज्ञान दोन्ही शाखांचे, आणि त्यांना दोन वर्षं घडू द्यायचं. आठवड्याला एक बैठक, बाहेरचे पाहुणे, एकत्र वाचन, दुसऱ्या वर्षाचा क्षेत्रप्रकल्प, म्हणजे प्रत्यक्ष जागी जाऊन करायचा अभ्यास, जरा मन लावून. निवड गुणांवर आणि एका छोट्या लेखी उताऱ्यावर झाली. चोवीसातले अकरा पुण्याबाहेरचे होते, याचं मला फार समाधान वाटलं. निवड नीट झाली म्हणजे निम्मं काम झालं, असं मी तेव्हा धरून चालले.

इथे एक गोष्ट सांगायला हवी, कारण आमची चूक तिच्यात आहे. ही कल्पना आम्ही मनात घेतली ती अमेरिकेतल्या विद्यापीठांवरून. स्वार्थमोर कॉलेजने 1922 मध्ये ऑनर्सचा अभ्यासक्रम सुरू केला. लहान गटात चर्चा आणि शेवटी बाहेरून आलेले परीक्षक, अशी त्याची धाटणी. पुढे तिथल्या मोठ्या विद्यापीठांनी ऑनर्सची स्वतंत्र कॉलेजंच काढली. त्यांतल्या बऱ्याच ठिकाणी ऑनर्सच्या मुलांसाठी वेगळं वसतिगृह असतं. मुलं एकाच इमारतीत राहतात, एकाच ठिकाणी जेवतात, रात्री अकरा वाजता एकमेकांच्या खोलीत जाऊन वाद घालतात. आम्ही तिथल्या चर्चा उचलल्या, प्रकल्प उचलला, पाहुणे उचलले. ते वसतिगृह आमच्याकडे नव्हतं आणि त्याच्या जागी काय ठेवायचं, हा प्रश्न आम्ही स्वतःला विचारलाच नाही.

साडेसहा

बैठक गुरुवारी संध्याकाळी साडेसहाला. वेळ ठरवताना कारणं सरळ होती. विज्ञानाची प्रॅक्टिकल्स साडेपाचपर्यंत चालतात, पाहुणे दिवसभराचं काम आटोपून येतात आणि त्या वेळी सभागृह रिकामं असतं. कोणाची हरकत आली नाही. मी ती मागितलीही नव्हती.

कोथरूड, सहकारनगर, औंधची मुलं साडेपाच ते साडेसहा कॅन्टीनमध्ये बसायची. बैठक आठ-सव्वाआठला संपायची. मग सातआठ जण पाहुण्यांना घेऊन जवळच्या अमृततुल्यावर जायचे. तिथे उभ्या उभ्या अर्धा तास गप्पा व्हायच्या. मीही बऱ्याचदा असायचे. मला तो अर्धा तास फार प्रिय होता, हे लपवत नाही. पाहुणे सभागृहात सांगत नाहीत ते चहावर सांगतात. कुठल्या प्रयोगशाळेत सध्या हात कमी पडताहेत, कोणाला जुनी कागदपत्रं लावायला मदत हवी आहे, कुठली कार्यशाळा आता जाहीर होणार आहे. दोन मुलांची पुराभिलेखागारात काम करण्याची सोय अशाच चहावर झाली. एकाला भारत इतिहास संशोधक मंडळात मोडी शिकायला जायचं सुचलं तेही तिथेच.

जतची त्या वेळी कुठे असायची? ती 'कमवा आणि शिका' योजनेत ग्रंथालयात काम करते. तास संपले की तीन ते सहा पुस्तकं लावते. सहाला सुटते आणि साडेसहाला सभागृहात मागच्या रांगेत येऊन बसते. तिची मेस साडेसातला सुरू होते आणि आठनंतर गेलं तर पोळ्या संपलेल्या असतात. खाडा लावावा म्हटलं तर एका वेळचा खाडा मेसवाले धरत नाहीत, सलग काही दिवसांचा असला तरच पैसे वळते होतात. म्हणजे बैठकीला शेवटपर्यंत थांबायचं तर भरलेले पैसे बुडतात आणि बाहेर पुन्हा खर्च होतो. ती पावणेआठला उठून जायची. तिच्यासारखे आणखी पाच-सहा होते. हजेरीपटावर ते 'उपस्थित' होते, कारण हजेरी सुरुवातीला व्हायची.

"मॅडम, तिथं सगळ्यांना आधीच माहीत असतं"

बोलायला बसल्यावर पहिली दहा मिनिटं ती फक्त "नाही मॅडम, तसं काही नाही" म्हणत होती. मी विचारलं, घरून काही आलंय का? नाही. कोणी काही बोललं का? नाही, सगळे चांगले बोलतात. मग ती म्हणाली, "मॅडम, तिथं सगळ्यांना सगळं आधीच माहीत असतं. मी गेले की कळतं, की काहीतरी होऊन गेलंय."

नोव्हेंबरमध्ये पुण्यातल्या एका संशोधन संस्थेची दहा दिवसांची हिवाळी कार्यशाळा जाहीर झाली होती. विषय वनस्पतींचं वर्गीकरण. तिच्याइतका तो विषय गटात दुसऱ्या कोणाचा नव्हता. तिला ती कळली तेव्हा मुदत संपायला एक दिवस होता आणि दुसऱ्या दिवशी सत्राचा पेपर होता. शिफारसपत्र लागणार होतं. "तुम्हाला एका दिवसात कसं मागायचं?" ती म्हणाली. गटातल्या दोघांचे अर्ज गेले होते. एक रसायनशास्त्राचा, एक प्राणिशास्त्राचा.

"कुणी लपवलं नाही मॅडम. चहावर बोलणं झालं होतं म्हणे."

मी चहावर होते. बोलणं झालं तेव्हा तिथेच होते. ही कार्यशाळा जतचीसाठीच आहे, हे मला त्या क्षणी सुचायला हवं होतं. सुचलं नाही, कारण ती समोर नव्हती.

माझीच पत्रं

त्या रात्री मी संगणकावरची शिफारसपत्रं काढून बसले. त्या सत्रात गटातल्या मुलांना दिलेली सात होती. चार अमृततुल्यावरच्या मुलांची, तीन बाकीच्यांची.

पहिल्या चारांत मी लिहिलं होतं, की हा मुलगा पहाटे तळजाईच्या टेकडीवर पक्ष्यांच्या नोंदी करतो आणि स्वतःची एक नोंद चुकल्याचं स्वतःहून येऊन सांगतो. ही मुलगी आकडेवारीच्या कोष्टकातला एक खाडाखोड केलेला रकाना पाहून मूळ कागद शोधायला गेली. उरलेल्या तिघांत परभणीचा एक अतिशय चौकस मुलगा आहे. त्याच्या पत्रात मी लिहिलं होतं, 'अभ्यासू, नम्र आणि वक्तशीर.' आणखी काही नाही.

निवड समितीवर बसलेल्या कोणालाही विचारा, 'अभ्यासू, नम्र आणि वक्तशीर' याचा अर्थ काय होतो. पत्र लिहिणाऱ्याला मूल माहीत नाही, एवढाच. मी कोणावर अन्याय करायचा म्हणून हे केलं नव्हतं. मला जे दिसलं ते मी लिहिलं होतं, आणि मला दिसत होते फक्त आठनंतर थांबणारे. या प्रकरणातली सगळ्यात जड गोष्ट मला हीच वाटते. संधी जाहीर होणं आणि संधी पोचणं यांच्यामध्ये एक माणूस उभा असतो. इथे तो माणूस मी होते.

पहिला उपाय, जो फसला

आम्ही आधी सोपं ते केलं. पुण्यातल्या एकेका मुलाला बाहेरगावच्या एकेकाची जोडी लावून दिली. जतचीच्या जोडीचा मुलगा चांगला होता, अगदी मनापासून तो तिला रोज निरोप धाडायचा. हे आलंय बघ, ते आलंय बघ, भरलंस का? दोन आठवड्यांत ती आणखी मिटली. मी विचारलं तर म्हणाली, "त्याचे उपकार होतात मॅडम." तोही अवघडला होता. बरोबरीच्या दोन मुलांपैकी एकाला आम्ही देणारा केलं होतं आणि एकाला घेणारी. जानेवारीच्या पहिल्या आठवड्यात जोड्या बंद केल्या.

मग वेळेला हात घातला. बैठक गुरुवारी दुपारी साडेबारा ते दोन. प्रत्येकाने डबा आणायचा. मेसवाल्यांना डबा बांधून द्यायला सांगता येतं आणि दुपारच्या डब्याला कोणी ना म्हणत नाही. पण साडेबाराला रसायनशास्त्राच्या एका तुकडीचं प्रॅक्टिकल होतं. वेळापत्रक हलवणं म्हणजे काय असतं ते शिक्षकांना सांगायला नको. दोन तुकड्यांची अदलाबदल करायला तीन आठवडे गेले. प्रयोगशाळेतल्या सहायकांची जेवणाची वेळ त्यात बदलणार होती, तेव्हा त्यांच्याशी बसून बोलावं लागलं. त्यांनी ऐकून घेतलं आणि मानलं, याबद्दल मी त्यांची ऋणी आहे.

दुपारी पाहुणे येऊ शकत नाहीत, ही अडचण राहिलीच. ती वेगळ्या तऱ्हेने सुटली. पाहुण्यांना आणण्याऐवजी आम्ही जाऊ लागलो. पुण्यात हे करता येतं, आणि इतकी वर्षं आम्ही ते केलं नाही याची मला हळहळ वाटते. विधी महाविद्यालय रस्त्यावर 1917 साली स्थापन झालेलं भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिर. तिथून चालत जाता येईल अशी, 1930 मध्ये सुरू झालेली अर्थशास्त्राची गोखले संस्था आणि तिचं धनंजयराव गाडगीळ ग्रंथालय. आगरकर रस्त्यावरच्या संशोधन संस्थेत बुरशींचा संग्रह. विद्यापीठाच्या आवारात आयुका हे खगोलशास्त्राचं केंद्र. महिन्यातून एक शनिवार, सकाळी दहा ते एक, मेसच्या आधी परत.

कोरेगाव रस्त्यावरची सकाळ

जानेवारीतल्या अशा एका शनिवारी आम्ही भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पश्चिम विभागीय केंद्रात गेलो. हे केंद्र 1955 पासून आहे आणि पश्चिम भारतातल्या वाळवून जतन केलेल्या वनस्पतींचा मोठा संग्रह तिथे आहे. कागदावर चिकटवलेली एकेक वनस्पती, कोपऱ्यात चिठ्ठी. कोणी, कधी, कुठे गोळा केली ते तिच्यावर लिहिलेलं.

तिथल्या वैज्ञानिकांनी गवतांचे काही कागद टेबलावर मांडले. बाकीच्यांना ती सगळी गवतं एकसारखीच दिसत होती, मला धरून. जतची वाकून पाहत होती. मग हळूच म्हणाली, "ही कुसळी. ही पवन्या. ही मारवेल." वैज्ञानिकांनी विचारलं, कशावरून? ती म्हणाली, कुसळीची कुसळं शेळ्यांच्या तोंडात रुततात, म्हणून ती कोवळी असतानाच चारायची. फुलावर आली की त्या रानात शेळ्या नेत नाहीत. मारवेल कधीही चालते. तिच्या घरी शेळ्या आहेत. सातवीपर्यंत सुट्टीत तीच राखायची.

ते गृहस्थ वीस मिनिटं तिच्याशी बोलत राहिले. कुठल्या महिन्यात काय, कुठलं गवत आता दिसेनासं झालं, गावात कोणाला आठवतं. आमच्यातला तळजाईचा पक्षीवाला मुलगा वही काढून उतरवून घेत होता. शेवटी तो तिला म्हणाला, "अगं, हे तू आधी का नाही सांगितलंस?" ती म्हणाली, "कुणी विचारलं नव्हतं."

त्या सकाळीनंतर ती एकदम बोलकी झाली, असं नाही. ती आजही बैठकीत थोडंच बोलते. तिचा क्षेत्रप्रकल्प मात्र बदलला. आधी तिने पुण्यातल्या बागांमधली शोभेची झाडं घेतली होती, कारण ती जवळ होती आणि बाकीचे तसंच काही करत होते. आता विषय झाला, आपल्या गावच्या पडीक रानातली चाऱ्याची गवतं आणि त्यांची गावातली नावं. त्यातही अडचण आलीच. सत्र जानेवारी ते एप्रिल, आणि जतसारख्या कमी पावसाच्या भागात गवत फुलावर येतं पावसाळा सरता सरता. उन्हाळ्यात रानात नुसते धसकट. तेव्हा दुसऱ्या वर्षाच्या प्रकल्पात तिने गावातल्या जुन्या माणसांकडून फक्त नावं आणि माहिती गोळा केली, आणि नमुने पुढच्या दिवाळीच्या सुट्टीवर ठेवले. वेळापत्रक पावसावर चालत नाही. पण अभ्यासाचा विषय पावसावर चालत असेल तर मुदत वाढवून देता येते, आणि ती आम्ही दिली.

भाषेचा तिढा

दुपारच्या बैठकीत आणखी एक बदल आपसूक झाला. डबा खाताना मुलं मराठीत बोलतात. वाचायचे लेख इंग्रजी असले तरी चर्चा मराठीत होऊ लागली आणि परभणीचा मुलगा, जो सहा महिने जवळपास गप्प होता, तो एकाएकी सगळ्यांना अडवून प्रश्न विचारू लागला. मी हरखून गेले होते. तेव्हा कॅम्पात राहणारी, घरी मल्याळम बोलणारी एक मुलगी माझ्याकडे आली आणि म्हणाली, की आता मला अर्धंच कळतं. ती गेल्या सत्रात सगळ्यात जास्त बोलणाऱ्यांपैकी होती.

याचं नीट उत्तर आम्हाला अजून सापडलेलं नाही. सध्या असं आहे, की प्रश्न ज्याच्या त्याच्या भाषेत आणि दर वीस मिनिटांनी कोणीतरी उठून फळ्यावर तीन-चार ओळींत इंग्रजीत मुद्दे मांडतं. त्याने गाडी अडखळते. मुलं कंटाळतात. तरी चालू ठेवलं आहे, कारण एकाला दार उघडताना दुसऱ्याला लावून घेणं मला मान्य नाही.

संधीवही

व्हॉट्सअॅपचा गट होताच. शिवाय अमृततुल्यावरच्या मुलांचा एक वेगळा छोटा गट होता. तोही वाईट हेतूने केलेला नव्हता. बातमी आधी तिथे पडायची, मोठ्या गटात यायला दोन-तीन दिवस लागायचे आणि तिथे ती शुभेच्छांखाली बुडून जायची.

आम्ही एक जाड, पुठ्ठ्याच्या बांधणीची वही आणली आणि ग्रंथालयाच्या काउंटरवर ठेवली. ज्याला संधी कळेल त्याने त्याच दिवशी लिहायचं. काय आहे, शेवटची तारीख, कोणती कागदपत्रं, पत्र लागतं का, कोणाला भेटायचं, खर्च किती. शेवटचा रकाना मुलांनीच वाढवला : 'यासाठी आधी काय यावं लागतं?' बातमी माझ्या कानावर आली तर मीही तिथे जाऊनच लिहिते. चहावर आता मी कमी थांबते, आणि थांबले तर तिथे ऐकलेलं दुसऱ्या दिवशी वहीत उतरतं. शिफारसपत्रासाठी मी प्रत्येक मुलाला सत्रातून दोनदा अर्धा तास भेटते आणि लगेच टिपून ठेवते. चोवीस मुलं, अठ्ठेचाळीस भेटी. जड जातं, पण 'अभ्यासू, नम्र आणि वक्तशीर' हे शब्द मला पुन्हा लिहायचे नाहीत.

एप्रिलमध्ये जतचीच्या वडिलांचा फोन आला. "बाई, पोरगी तीन वर्सांत मोकळी हुईल असं ठरलं हुतं. हे चौथं वरीस कशाला?" त्यांचा प्रश्न रास्त होता. स्पर्धा परीक्षेला तीन वर्षांची पदवी पुरते, नोकरीच्या बऱ्याच जागांनाही पुरते. मी त्यांना सांगितलं, की तिसरं वर्ष संपल्यावर पदवी घेऊन बाहेर पडायची सोय आहे, आज काहीच ठरवायची गरज नाही. चौथं वर्ष केलं तर पुढे काय उघडतं आणि पैसे किती लागतील, दोन्ही सांगितलं. ते म्हणाले, "बघू. पाऊस कसा हुतोय त्यावर." मी त्यांना समजवायचा प्रयत्न केला नाही. त्यांचा हिशेब माझ्यापेक्षा त्यांना जास्त ठाऊक आहे.

चोवीसांपैकी तिघांनी वर्षाअखेर गट सोडला. एकाने सीएच्या परीक्षेसाठी, एकीने घर बदललं म्हणून. तिसऱ्याने अर्जात 'घरगुती कारणास्तव' लिहिलं. त्याच्याशी मी दोनदा बोलले, तरी खरं कारण मला कळलं नाही.

जतचीला मी विचारलं होतं, की तुझ्या डिसेंबरच्या अर्जाचं काय करू? ती म्हणाली, "राहू दे मॅडम तुमच्याकडं. लागला तर परत लिहायला नको." तो अजून माझ्या खणात आहे.

2025 च्या दिवाळीनंतर ती गावाहून आली ती वर्तमानपत्रांच्या घड्यांमध्ये दाबलेली गवतं घेऊनच. त्याच आठवड्यात ग्रंथालयात गेले तेव्हा वहीत एक नवी नोंद दिसली, सुबक अक्षरात. देशातल्या तीन विज्ञान अकादमी मिळून देतात ती उन्हाळी फेलोशिप, दोन महिने शास्त्रज्ञाच्या हाताखाली काम. तारीख, कागदपत्रं, सगळे रकाने भरलेले. आणि त्याखाली, कंसात : 'पत्रासाठी मॅडमना निदान आठ दिवस आधी सांगावे. परीक्षा मध्ये येते.'